स्कायरिम: डस्टमन्स केर्नमध्ये वजन 371 झालंय, काय टाकू आणि काय नेऊ?

बारावीनंतर_मोकळा:

मंडळी, स्कायरिम हा ड्रॅगन-तलवारींचा गेम नुकताच सुरू केलाय. स्पेशल एडिशन, लॅपटॉपवर, एकही मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) नाही. माझं पात्र नॉर्ड वंशाचं आहे, दोन हातांची तलवार, लेव्हल 9.

सध्या कंपॅनियन्सच्या, म्हणजे लढवय्यांच्या टोळीच्या, पहिल्या मोठ्या कामावर डस्टमन्स केर्न या थडग्यात आहे. टोळीतला फार्कस सोबत आहे, पण त्याच्याकडे सामान देता येत नाही. माझी सोबतीण लिडिया हिला मी व्हाइटरन गावीच ठेवून आलोय. पिंजऱ्यात अडकण्याचा प्रसंग झाला, फार्कस लांडगा झाला, टोळीचे शत्रू सिल्व्हर हँडवाले मेले आणि मी त्यांचं सगळं उचललं. आता माझी क्षमता 310 आहे आणि वजन 371. पळता येत नाही, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसरीकडे जाणं) नाही. अजून अर्धी गुहा बाकी आहे.

सामान असं आहे. अंगावर पूर्ण स्टीलचं आर्मर, हातात स्टीलची ग्रेटस्वोर्ड. बाकी: चांदीच्या तलवारी 5, चांदीच्या ग्रेटस्वोर्ड 3, ड्रॉगरकडून (थडग्यातल्या जिवंत प्रेतांकडून) मिळालेल्या एन्शंट नॉर्ड ग्रेटस्वोर्ड 2, लोखंडी आर्मर 1, पहिल्या ड्रॅगनची हाडं 3 आणि खवले 2, औषधाच्या बाटल्या 30, पुस्तकं 16, चीजची अख्खी चाकं 20, सरपण 4, लोखंडाचं खनिज 9. शिवाय कंपॅनियन्सच्या म्होरक्या कोडलाकच्या खोलीत एक विचित्र रत्न मिळालं होतं, ते खाली टाकूच देत नाही.

यातलं काहीच टाकवत नाही. प्रत्येक गोष्टीसमोर किंमत दिसते आणि वाटतं, घर घ्यायला 5000 लागणार आहेत, एवढं तरी न्यावं. तुम्ही लोक कसं ठरवता? आणि मुळात चांगली लूट शोधायची कुठे? प्रत्येक मडकं, प्रत्येक पिंप उघडत बसलो तर एका गुहेत रात्र जाते.

निळा_बुरूज:

कन्सोल (गेमला थेट आज्ञा द्यायची खिडकी) उघड, कॅरी वेट म्हणजे वजनाची क्षमता पाच हजार कर, मोकळा हो. गेम एकट्याचा आहे, कुणाचं नुकसान नाही.

दुसरी_पाळी:

कन्सोलचा सल्ला मी देणार नाही. नुकसान कुणाचं होत नाही हे खरं, पण या गेममधली निम्मी मजा "हे की ते" या निवडीत आहे. पाच हजाराची पोतडी मिळाली की तू प्रत्येक लोखंडी सुरा उचलशील आणि मग दुकानात अर्धा तास नुसतं विकत बसशील. मी दुसऱ्या पाळीहून घरी येते, जेवण होऊन हातात जेमतेम तास-दीड तास उरतो. तो तास व्हाइटरनच्या बेलेथरच्या दुकानात यादी खाली-वर करण्यात घालवायचा नाही, म्हणून मी निवड जागच्या जागी करते. प्रेतासमोर उभी असतानाच ठरवते, गुहेच्या तोंडाशी येऊन नाही.

माझा नियम साधा आहे: किमतीला वजनाने भागायचं. लेव्हल 9 च्या आसपास भागाकार 10 च्या खाली आला तर हात लावायचा नाही. पुढे हीच रेघ 20 वर ने, मग 50 वर.

आता तुझंच सामान घेऊ. लोखंडी आर्मरचं वजन 30, किंमत 125. भागाकार चार. टाक. एन्शंट नॉर्ड ग्रेटस्वोर्ड वजनाला 18 आणि किंमत 35, म्हणजे दोनसुद्धा नाही. या गेममध्ये यापेक्षा वाईट सौदा शोधून सापडायचा नाही आणि प्रत्येक थडग्यात त्या ढिगाने पडलेल्या असतात. दोन्ही टाक. सरपण एकेक 5 वजनाचं, चारांचे 20 झाले, टाक. एवढ्यानेच 86 कमी झाले आणि तू 285 वर आलास. पळायला लागलास सुद्धा.

चीजची चाकं 2 वजनाची असतात, वीस म्हणजे 40. मारामारी चालू असताना मेनू उघडून खाता येतात, गेम तेवढा वेळ थांबलेला असतो. पुढच्या झटापटीत औषधाच्या आधी चीज संपव. बाटली अर्ध्या वजनाची आहे आणि विकलीही जाते, ती राखून ठेव.

आता चांदी. चांदीची तलवार 7 वजनाची, किंमत 100. ग्रेटस्वोर्ड 12 वजनाची, किंमत 160. दोन्हींचा भागाकार तेरा-चौदा येतो, म्हणजे नेण्यासारख्या आहेत. पण तुझ्या यादीत मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे. तू थडग्यात ड्रॉगरशी लढतोयस आणि चांदीची शस्त्रं विकायला म्हणून पाठीवर वाहतोयस! चांदीचं शस्त्र मेलेल्या-उठलेल्यांना जादा 20 इजा करतं. तुझी स्टीलची ग्रेटस्वोर्ड आणि चांदीची ग्रेटस्वोर्ड, दोन्हींची मूळ इजा 17 आहे. स्टीलची वजनाला 17, चांदीची 12. हातातली स्टीलची तलवार आत्ताच्या आत्ता बदल. पुढे शेवटच्या दालनात तू वुथ्राड या जुन्या कुऱ्हाडीचा तुकडा उचललास की भिंतीतल्या शवपेट्या एकामागून एक फुटतील आणि तेव्हा ते जादा 20 काय चीज आहे ते तुला दिसेल. लूट ही आधी वापरायची वस्तू, मग विकायची. बरेच जण सोन्याच्या आकड्याकडे बघत राहतात आणि हातातल्या शस्त्रापेक्षा पिशवीतलं शस्त्र सरस आहे हे बघतच नाहीत.

ड्रॅगनची हाडं 15 वजनाची, किंमत 500. खवले 10 आणि 250. भागाकार उत्तम. पण ही तुझ्या अंगावर गुहेत कशाला? ड्रॅगनचं आर्मर घडवायला स्मिदिंग (लोहारकामाचं कौशल्य) 100 लागतं, तू कुठे आहेस अजून! इथून बाहेर पडलास की पहिल्या फेरीत विक. ड्रॅगन पुढे येतच राहतात, हाडांचा तुटवडा पडत नाही आणि तुला आत्ता घर हवंय. लक्षात ठेव, स्पीच (बोलण्याचं कौशल्य) कमी असताना दुकानदार छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच देतो. म्हणजे 500 चं हाड दीड-पावणेदोनशेला जाईल. तरीही विक.

पुस्तकं एकेक वाच. वाचताना एखादं कौशल्य वाढलं तर वाढलं, मग ते पुस्तक नुसता बोजा. आणि ते रत्न बरेंझियाच्या 24 खड्यांपैकी एक आहे. रिफ्टनला थीव्ह्ज गिल्डमधल्या (चोरांच्या टोळीतल्या) व्हेक्सला ते दाखवता येतं, पण खाली टाकता येत नाही. वजन अर्धंच आहे, राहू दे. व्हाइटरनच्या ड्रॅगन्सरीच राजवाड्यात यार्लच्या (तिथल्या सरदाराच्या) खोलीतही एक आहे. चोवीस गोळा करायची हौस नसेल तर त्याला हात लावू नकोस.

डोळे झाकून उचलायच्या गोष्टी: सोनं, लॉकपिक आणि बाण (यांना वजनच नाही), सगळी रत्नं (हिरा 0.1 वजनाचा आणि किंमत 800), सोल जेम (आत्मा साठवणारे खडे), स्क्रोल, अंगठ्या, हार आणि एन्चांटमेंट (जादूचा गुण) असलेली कुठलीही वस्तू. एन्चांटमेंट असेल तर लोखंडाचा सुरासुद्धा सोडू नको. आधी ड्रॅगन्सरीचचा जादूगार फरेंगारच्या खोलीतल्या एन्चांटिंग टेबलावर ती मोडून शिकून घे. तीच एन्चांटमेंट दुसऱ्यांदा मिळाली की विकायची.

शोधण्याबद्दल. मडकी आणि पिंपं सोड, त्यात चार-पाच नाणी आणि कोबी. नॉर्ड थडग्यात मोठी पेटी शेवटच्या दालनात, बहुतेक वेळा शब्दांच्या भिंतीजवळ (जिथे ड्रॅगनच्या भाषेतला जादूचा शब्द मिळतो) असते. तुझ्या केर्नमध्येही शेवटी भिंत आहे, फायर ब्रेथचा शब्द मिळेल. तिथे पोहोचताना पिशवीत पन्नास-साठ वजनाची जागा मोकळी असली पाहिजे. मी वर सांगितलं तसं केलंस आणि चीज संपवलंस तर तू 245 वर असशील, म्हणजे 65 मोकळे. आणि पेटीतला माल तुझ्या लेव्हलप्रमाणे ठरतो. लेव्हल 9 ला काचेचं आर्मर कुठे मिळेल म्हणून वणवण करू नकोस, ते आपोआप यायला लागतं. तेव्हा 7 वजनाला 900 किंमत असं गणित असतं, तो सुकाळ वेगळाच.

पाथर्डीकर:

ताईंचा भागाकार बरोबर आहे. एका ठिकाणी मात्र थांबवतो. स्टील स्मिदिंगचं पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास खुबी) घेतलं असेल तर स्टीलच्या शस्त्राला सहाणेवर दुप्पट धार लावता येते. चांदीच्या शस्त्राला कुठलंच पर्क लागू होत नाही. म्हणजे ड्रॉगर सोडून बाकी सगळ्यांसाठी पुढेपुढे स्टीलच भारी पडणार. दोन्ही ठेवायच्या की एक, ते त्याने आपल्या पर्ककडे बघून ठरवावं.

आणि लिडियाला घरी ठेवून गुहेत जायचं कशाला? कंपॅनियन्सच्या कामावरही ती सोबत येते. तिच्याशी बोलून सामान देत गेलास तर एका मर्यादेनंतर ती नाही म्हणते. पण तीच वस्तू जमिनीवर टाकून तिला "ते उचल" असा हुकूम दिला तर ती मर्यादा मोजत नाही, उचलते. तिच्या अंगावरच्यापेक्षा चांगलं आर्मर दिलंस तर ती ते घालते, तेवढी ती टिकतेही. एकच सांभाळ, ती मेली तर सामान तिच्या प्रेताजवळ राहतं आणि तुला ते ठिकाण शोधत परत यावं लागतं.

गुहेतल्या पेटीत "नंतर नेतो" म्हणून काही ठेवू नकोस. ती जागा गेममधल्या 10 दिवसांनी रिसेट होते. पूर्ण साफ केलेली असेल तर 30 दिवसांनी. पेटीतलं तुझं सगळं जातं.

बारावीनंतर_मोकळा:

ताई, तलवार बदलली! ड्रॉगर दोन घावांत पडतायत, आधी चार-पाच लागायचे. नॉर्ड ग्रेटस्वोर्ड, सरपण, लोखंडी आर्मर सगळं तिथेच टाकलं. स्टील स्मिदिंग घेतलेलं नाही, त्यामुळे स्टीलची तलवार आता विकणार आहे.

दोन शंका. एक, लेव्हल वाढल्यावर स्टॅमिना (दम) घेत राहू का? दर वेळी क्षमता 5 ने वाढते म्हणतात. दोन, व्हाइटरनला हे सगळं विकायचं कुणाला? मागच्या वेळी बेलेथरकडचे पैसे माझ्या अर्ध्या मालातच संपले आणि बाकीचं घेऊन मी गावभर फिरत होतो.

दुसरी_पाळी:

स्टॅमिना क्षमतेसाठी घेऊ नकोस. दहा लेव्हल सगळं स्टॅमिनात घातलंस तरी 50 वाढतात, म्हणजे ड्वार्व्हन आर्मर एक, ते 45 चं असतं. त्याच्यासाठी 100 हेल्थ सोडायची? दोन हातांच्या तलवारीला जोरकस वारांसाठी स्टॅमिना लागतो, त्या हिशेबाने घे आणि क्षमता वाढली तर वरकमाई समज.

क्षमता खरंच वाढवायची तर सॉलिट्यूडच्या वायव्येला स्टीड स्टोन हा वरदान देणारा दगड आहे. 100 वाढतात आणि शिवाय अंगावरच्या आर्मरचं वजन धरलं जात नाही. तुझ्या अंगावरचं स्टील बघता हा फायदा दीडशेच्या घरात जातो. पण एका वेळी एकच दगड लागू राहतो. रिव्हरवुडजवळच्या वॉरियर स्टोनने तुझं तलवारीचं कौशल्य 20 टक्के लवकर वाढतंय, ते जाईल. सुरुवातीला मी तरी वॉरियर सोडणार नाही. पिकपॉकेट 50 झालं की एक्स्ट्रा पॉकेट्सचं पर्क मिळतं, त्याचेही 100, पण तुझ्यासारख्या तलवारवाल्याने त्यासाठी गावातल्या लोकांचे खिसे कापत फिरायचं हे मला पटत नाही.

विकण्याबद्दल. व्हाइटरनसारखं गाव यासाठी दुसरं नाही, कारण सगळे एका रस्त्यावर आहेत. फास्ट ट्रॅव्हल केलंस की तू वेशीशी उतरतोस. आत शिरल्याबरोबर वॉरमेडन्स हे लोहाराचं दुकान. जड माल, म्हणजे चांदीच्या तलवारी आणि तुझी स्टीलची, तिथेच उतरव. लोहाराकडे साधारण 1000 असतात. उरलं तर वर स्कायफोर्जच्या भट्टीवर लोहार एओर्लंड ग्रे-मेन आहे, त्याच्याकडेही तेवढेच. तू कंपॅनियन्समध्ये आहेस, म्हणजे तसाही तिथे जाणारच. मग बाजारात औषधवाल्या अर्केडियाकडे बाटल्या आणि वनस्पती, बेलेथरकडे पुस्तकं आणि हाडं. बेलेथरकडे 750 असतात, अर्केडियाकडे 500. शेवटी फरेंगारकडे स्क्रोल आणि सोल जेम.

दुकानदाराचे पैसे संपले की पुढे जाऊ नकोस, त्याच्याकडून काहीतरी घे. मी लोहाराकडून लोखंडाच्या आणि स्टीलच्या विटा घेते, त्या मला लागतातच. माझे पैसे त्याच्या गल्ल्यात जातात आणि त्याच पैशात तो माझी पुढची तलवार घेतो. फार महागडी एकच वस्तू विकायची असेल तेव्हाही हाच मार्ग, आधी गल्ला भरायचा, मग वस्तू पुढे करायची. इतकं करूनही माल उरला तर 48 तास थांब, गल्ले पुन्हा भरतात.

आणि ते 9 लोखंडाचं खनिज! ते विकू नकोस, मला ते सांगायचंच राहिलं होतं. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प आहे, मॅमथ मारणाऱ्या डाकूंचा. आतल्या खाणीत ट्रान्स्म्यूटच्या मंत्राचं पुस्तक मिळतं. त्या मंत्राने लोखंडाच्या खनिजाची चांदी होते आणि चांदीचं सोनं. तुझ्याकडे मॅजिका (जादूची ताकद) कमी आहे, एका दमात जेमतेम एकदा पडेल, पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागेल. पण हिशेब बघ: 2 वजनाचं लोखंडाचं खनिज (म्हणजे 2 नग), त्याची 1 वजनाची सोन्याची वीट, तिच्या दोन अंगठ्या. दोन्ही मिळून अर्ध्या वजनाच्या आणि एकेक 75 किमतीची. वर स्मिदिंगही वाढतं. खाणीतच लोखंडाच्या बऱ्याच शिरा आहेत, कुदळ घेऊन जा. चार-पाच आर्मर पाठीवर लादून आणण्यापेक्षा मूठभर अंगठ्या घेऊन गावात शिरलेलं मला केव्हाही आवडतं.

पाथर्डीकर:

अंगठ्यांचं एकदम मान्य. थोडा पुढे गेलास की ड्वेमर या लुप्त जमातीचे अवशेष येतील, मार्कार्थच्या बाजूला बरेच आहेत. तिथे सगळंच सोनेरी दिसतं आणि मन आवरत नाही. वाकलेला पत्रा, म्हणजे बेंट ड्वेमर स्क्रॅप मेटल, 2 वजनाचा असून त्याच्या 3 विटा पडतात. सॉलिड ड्वेमर मेटल 25 वजनाचं आणि विटा फक्त 5. पहिलं सगळं उचल, दुसरं जागा उरली तर. कॉग, जायरो, लिव्हर वितळतच नाहीत, ते तसेच राहू दे. कॉग मात्र 10 बाजूला ठेव, विंटरहोल्डच्या कॉलेजात आर्निएल गेन नावाचा जादूगार ते मागतो. भट्टी वॉरमेडन्सच्या बाहेरच आहे.

घोड्याचंही सांगतो. व्हाइटरनच्या तबेल्यात 1000 ला मिळतो. वजन मर्यादेच्या वर गेलेलं असलं तरी घोड्यावर बसून फास्ट ट्रॅव्हल करता येतं. गुहेच्या तोंडापर्यंत चालत आलास की पुढचं त्याच्यावर.

निळा_बुरूज:

घोड्याचं माहीत नव्हतं. मी इतके दिवस मॉडवर खेळतोय, एक नवीन सेव्ह मॉडशिवाय करून बघतो. ताई, घर आधी की घोडा आधी?

दुसरी_पाळी:

घर. ब्रीझहोम 5000 ला, ड्रॅगन्सरीचमध्ये यार्लचा कारभारी प्रोव्हेंटस याच्याकडून मिळतं. त्या घरातलं काहीच रिसेट होत नाही, म्हणून एन्चांटिंगला लागणारं सामान, धातूच्या विटा, ठेवणीतली शस्त्रं निर्धास्त ठेवता येतात. शिवाय ते वेशीपासून दोन पावलांवर, वॉरमेडन्सच्या शेजारी आहे, म्हणजे घर, भट्टी आणि लोहार एका जागी. घोडा लढाईत मध्ये घुसतो आणि मरतो, त्याच्यावर सुरुवातीचे 1000 मी लावणार नाही.

बारावीनंतर_मोकळा, केर्नमधल्या मोठ्या पेटीत काय निघालं ते इथे लिही. एन्चांटेड काही असेल तर विकायच्या आधी नाव सांग.

बारावीनंतर_मोकळा:

ताई, निघालं! तुकडा उचलल्यावर सगळ्या शवपेट्या फुटल्या, पण चांदीच्या तलवारीने निभावलं. पेटीत थोडं सोनं, दोन गार्नेट, एक ग्रँड सोल जेम आणि "स्टील बूट्स" आहेत, त्यावर कॅरी वेट वाढवणारी एन्चांटमेंट आहे. घालू की मोडू?

दुसरी_पाळी:

आत्ता घाल आणि व्हाइटरनपर्यंत ये. फरेंगारच्या टेबलावर मोड. ही एन्चांटमेंट एकदा शिकलास की बूट, हातमोजे, हार आणि अंगठी, चारही जागी बसवता येते. ग्रँड सोल जेम विकू नकोस, तो भरलेला असला तर त्याच कामाला लागेल.